वाण आणि गुण

‘ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आम्ही इतकी वर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत, पण ती एक शास्त्रीय विधान म्हणूनही वाचता येते हे फार उशिरा आमच्या ध्यानात आले. म्हणीचे म्हणणे अगदी नेमके आहे. एका दावणीला बांधलेल्या दोन बैलांपैकी दुसऱ्याने पहिल्याच्या खोडी उचलल्या, पण त्याचा रंग मात्र उचलला नाही. म्हणजे प्राण्याच्या ठायी दोन खाती असतात: एक जन्माचे, एक संगतीचे. रंग पहिल्या खात्यावर जमा, स्वभाव दुसऱ्या. आणि या दोन खात्यांत देवाणघेवाण होत नाही.

‘वाण’ हा शब्दही मोठा गमतीचा. संस्कृत ‘वर्ण’ या शब्दाचे हे मराठी रूप. रंग हा त्याचा जुना अर्थ. शेतकरी मात्र ‘यंदा कोणता वाण लावला?’ असे विचारतो तेव्हा त्याला बियाण्याची जात अभिप्रेत असते. मूळच्या ‘वर्ण’ शब्दाने समाजात जे काही करून ठेवले ते सांगायला नकोच. रंग, बियाणे आणि माणसाची पायरी या तिन्ही गोष्टी एकाच शब्दाच्या पोटात नांदाव्यात, हा भाषेचा योगायोग नसावा. जे जन्मतः मिळते आणि बदलत नाही ते म्हणजे वाण, असा एक समज या शब्दामागे फार पूर्वीपासून उभा आहे.

अर्थात भाषेने दुसऱ्या बाजूचेही वकीलपत्र घेतलेलेच आहे. ‘खाण तशी माती’ म्हणणारी मराठी ‘संगतीने बिघडला’ असेही म्हणते. म्हणींच्या न्यायालयात दोन्ही पक्ष जिंकतात, ही त्यांची खरी सोय. पण जिथे शास्त्र म्हणून निवाडा द्यायची वेळ आली तिथे आपल्या परंपरेने कौल कोणत्या बाजूला दिला हे पाहण्यासारखे आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज आणि क्षेत्र यांची तुलना आहे. स्त्री हे शेत, पुरुष हे बीज, आणि दोहोंत बीज श्रेष्ठ, असा तिचा निर्णय. शेतात जे पेरावे तेच उगवते, हा त्यामागचा युक्तिवाद. तो करणाऱ्याने स्वतः शेत केले असेल असे काही वाटत नाही.

कारण आमच्यापैकी एकीचे माहेर ज्या डोंगरकड्याचे, तिथे हा युक्तिवाद कुणाही शेतकऱ्यापुढे मांडला तर तो गालातल्या गालात हसेल. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे, कळमनुरी तालुक्यातले हे गाव. केळी, ऊस आणि हळद ही या पट्ट्याची पिके. केळीला तर बीजच नाही. पूर्वी कंद लावीत, आता उतिसंवर्धित रोपे आणतात. ‘ग्रँड नैन’च्या एका बागेतली हजारो झाडे म्हणजे आनुवंशिक दृष्टीने जवळजवळ एकाच झाडाच्या हजार प्रती. तरीही बांधाच्या अलीकडचा घड आणि पलीकडचा घड यांच्या वजनात जो फरक पडतो त्यावर गावात भांडणे होतात. पाणी कधी दिले, खत कुणी चुकवले, वारा कुठून लागला, याचा हिशेब पारावर चालतो. बीज तेच, फळ वेगळे. याचे आश्चर्य तिथे कुणालाच वाटत नाही.

वनस्पतींचे ठीक आहे, पण प्राण्यांचे काय? प्राण्याचे शरीर म्हणजे जन्मतःच ठरलेला आराखडा, असा आपला सामान्य समज असतो. त्याच केळीच्या पानाखाली तो समज मोडतो. केळीवरचा मावा शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे. पर्णगुच्छ रोग पसरवणारा हाच. माव्याच्या माद्या नराशिवाय पिल्लांना जन्म देतात, तेव्हा आई आणि लेकी यांच्या जनुकांत भेद नसतो. कोवळ्या पानावर जागा भरपूर असेल तोवर जन्मणाऱ्या लेकींना पंख नसतात. त्या जागेवरच बसतात, रस शोषतात, पुन्हा पिल्ले देतात. दाटी वाढली, पानाचा कस गेला, की त्याच घराण्यात पंखांच्या लेकी निपजू लागतात. पंख म्हणजे काही लहानसहान फरक नव्हे. त्याबरोबर उडण्याचे स्नायू येतात, छातीची ठेवण बदलते, पिल्लांची संख्या घटते. दोन शरीरांचे दोन आराखडे एकाच वारशात ठेवलेले असतात आणि कोणता उघडायचा हे पानावरची गर्दी ठरवते.

आता ढवळ्या-पवळ्याकडे परत येऊ. या म्हणीची खरी परीक्षा बैलांत नव्हे, टोळांत होते.

मे २०२० मध्ये, सारा देश टाळेबंदीत असताना, अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत टोळधाड उतरली. आमच्या पिढीने टोळधाड हा शब्द लेखांत आणि भाषणांत, तोही बहुधा रूपक म्हणून, वाचला-ऐकला होता. प्रत्यक्ष धाड दूरचित्रवाणीवर प्रथम पाहिली. थाळ्या वाजवणारे, फटाके लावणारे शेतकरी पाहताना ज्या गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष गेले नाही ती अशी की, टोळ नावाचा स्वतंत्र प्राणी नाही. वाळवंटी टोळ एकटा असतो तेव्हा तो एक साधा, लाजाळू नाकतोडा असतो. पिल्लू असताना हिरवट, मोठेपणी मातकट. दिवसा झुडपात दडणारा, रात्री उडणारा, जातभाई दिसला तर बाजूला होणारा. पाऊस होऊन वाळवंट हिरवे झाले, प्रजा वाढली आणि मग चारा आटत आटत थोड्या झुडपांवर सारे एकत्र आले, की काही तासांत त्याचा स्वभाव पालटतो. तो इतरांपासून दूर जायचे सोडून त्यांच्याकडे जाऊ लागतो. पिल्ले काळ्या-पिवळ्या रंगाची होतात, प्रौढ आधी गुलाबी आणि मग पिवळे. दिवसा उडणारे थवे तयार होतात. ही दोन रूपे इतकी भिन्न की टोळांच्या दुसऱ्या एका जातीच्या बाबतीत शास्त्रज्ञ त्यांना दोन स्वतंत्र जाती समजत होते. बोरिस उवारोव्ह या कीटकशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये, हे दोन प्राणी नसून एकाच प्राण्याच्या दोन अवस्था आहेत, असे मांडले तेव्हा कुठे टोळधाडीचे कोडे सुटू लागले.

हे घडते कशाने? स्पर्शाने. मागच्या पायाच्या मांडीवरील केसांना इतरांचा वारंवार धक्का लागला की पुरते. इंग्लंडमधील प्रयोगशाळेत एकट्या टोळाच्या मांडीला नुसत्या रंगाच्या ब्रशने तासन्‌तास गुदगुल्या केल्या, तरी तो कळपाळू झाला. २००९ मध्ये असे दिसून आले की या वेळी त्याच्या वक्षातील मज्जागंडिकांत सेरोटोनिन हे रसायन वाढते. तेच रोखले तर गर्दीतही तो एकटाच राहतो. स्वभाव बदलायला दोन ते चार तास पुरतात. रंग बदलायला मात्र कात टाकावी लागते, आणि शरीराची पूर्ण ठेवण बदलायला काही पिढ्या. गर्दीत राहिलेली आई अंड्यांबरोबरच पिल्लांना गर्दीची खूण देऊन ठेवते.

म्हणजे म्हण निम्मी बरोबर निघाली. आधी गुण लागतो, वाण नाही. पण दावण सोडवली नाही, तर पुढे वाणही लागतो. पवळ्या ढवळा होतो.

(जाता जाता: ‘टोळ’ आणि ‘टोळी’ या शब्दांचे नाते व्युत्पत्तीने काय असेल ते असो, आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या गटाला टोळीच म्हणतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’, आणि मुकादमाने आगाऊ दिलेल्या पैशांना ‘उचल’. माणसांची नावे या व्यवहारात कुठेच लागत नाहीत. याकडे पुढे यायचे आहे.)

मधमाश्यांची गोष्ट अनेकांना ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. राणी आणि कामकरी या दोन्ही माद्याच. अंडे त्याच प्रकारचे. पहिले तीन दिवस सर्व अळ्यांना दाया माश्यांच्या डोक्यातील ग्रंथींचा पांढरा स्राव, ज्याला रॉयल जेली म्हणतात तो, मिळतो. नंतर कामकरी होणाऱ्या अळीला मध-परागाचे मिश्रण, आणि राणी होणाऱ्या अळीला अखेरपर्यंत तोच स्राव, तोही मुबलक. पाळीव युरोपीय माशीत राणी १६ दिवसांत बाहेर पडते, कामकरीण २१ दिवसांत. एक वर्षानुवर्षे अंडी घालते, दुसरी ऐन हंगामात काही आठवड्यांत झिजून मरते. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अळीतील एका विकराचे जनुक निष्प्रभ केले. हा विकर डीएनएवर रासायनिक खुणा करतो. त्या खुणा कमी झाल्या आणि तो शाही आहार न मिळताही बहुसंख्य अळ्या राणीसारख्या झाल्या. अन्नाचा संदेश जनुकांच्या लिपीपर्यंत पोहोचतो तो असा. लिपी बदलत नाही. कोणत्या ओळी वाचायच्या आणि कोणत्या झाकायच्या, एवढे बदलते.

आमच्यासारख्या भाषेच्या माणसांना यात खटकते ती परिभाषा. इंग्रजी प्राणिशास्त्रात राणी आणि कामकरी यांना ‘कास्ट’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्या समाजासाठी वापरला, इंग्रजांनी तो उचलला, आणि तिथून तो पोळ्यात गेला. आणि विपर्यास असा की, पोळ्यातली ही ‘जात’ जन्मावर मुळीच ठरत नाही; कुणी काय खाऊ घातले यावर ठरते. ज्या व्यवस्थेवरून शब्द घेतला तिचा दावा नेमका उलटा होता. कदाचित त्या शब्दाने, तो वापरणाऱ्यांच्याही नकळत, आपल्या व्यवस्थेबद्दल खरे ते सांगून टाकले असावे. इथेही कुणाला काय आणि किती दिवस खाऊ घालायचे हे आधीच ठरलेले होते; नंतर त्याचे नाव जन्म असे ठेवले गेले.

इतके वाचून कुणाला वाटेल की आम्ही परिस्थितीच्या बाजूचे वकील झालो. तसे नाही. माहेरच्या परसातला कढीपत्ता आम्हांला तसे होऊ देत नाही.

त्या झाडावर पावसाळ्यात कॉमन मॉरमॉन या फुलपाखराच्या अळ्या असतात. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, मोठेपणी हिरव्यागार. डिवचले तर डोक्यामागून लालसर शिंगे काढून उग्र वास सोडणाऱ्या. या फुलपाखराचा नर एकाच तऱ्हेचा, काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादी मात्र भारतात तीन तऱ्हांची. एक नरासारखीच. दुसरी कॉमन रोझ या विषारी फुलपाखरासारखी, तिसरी क्रिमसन रोझसारखी. पक्षी त्या विषारी फुलपाखरांना टाळतात, म्हणून या सोंग घेतलेल्या माद्याही वाचतात. तिन्ही माद्या एकाच जातीच्या आहेत हे आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५ मध्ये मांडले. यामागचे जनुक कोणते, याचा उलगडा मात्र २०१४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातील एका निबंधात झाला. त्याचे पहिले लेखक कृष्णमेघ कुंटे. मराठी वाचक त्यांना ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ या पुस्तकामुळे ओळखतो. मुदुमलाईच्या जंगलात हिंडणारा तो पुण्याचा विद्यार्थी पुढे बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात फुलपाखरांच्या सोंगांचा अभ्यासक झाला. ‘डबलसेक्स’ नावाचे एकच जनुक, जे एरवी कीटकांत नर-मादी भेद घडवते, तेच मादीच्या पंखांवर कोणते सोंग यायचे तेही ठरवते, असे या संशोधनात दिसले. इथे हवामान, आहार, गर्दी यांना वाव नाही. आईबापांकडून जे रूप आले तेच पंखांवर येते. अस्सल वाण.

पण त्याच अळीची पुढची गोष्ट पाहा. कोष करायची वेळ आली की ती झाडावरून जागा शोधत फिरते. गुळगुळीत हिरव्या फांदीवर बसली तर कोष हिरवा होतो. खरबरीत, वाळक्या काडीवर किंवा भिंतीवर बसली तर तपकिरी. या कुळातील फुलपाखरांवर झालेल्या प्रयोगांत पृष्ठभागाचा पोत, प्रकाश, आर्द्रता अशा गोष्टींचा यात वाटा दिसला आहे. निर्णय कोष बनण्यापूर्वीच्या काही तासांत होतो आणि मग फिरवता येत नाही. म्हणजे एकाच जिवात एक रूप जनुकाने कुलूपबंद केलेले आणि दुसरे परिस्थितीसाठी उघडे ठेवलेले. एकाच देहात वाणही आणि गुणही. ‘बीज की क्षेत्र’ हा प्रश्न त्या कढीपत्त्याखाली उभे राहून विचारला तर कशाबद्दल विचारता, पंखाबद्दल की कोषाबद्दल, असा उलटप्रश्नच करावा लागेल.

आणि उघडे ठेवलेले दारही वारशानेच मिळालेले असते, हे विसरून चालत नाही. कढीपत्त्यावरच्या अळीला पोत कळतो, कारण तो कळण्याची यंत्रणा तिच्या जनुकांत आहे. १९०९ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण. त्याच वर्षी योहानसनने ‘जीन’ हा शब्द दिला, आणि त्याच वर्षी रिखार्ड वोल्टेरेक या जर्मन शास्त्रज्ञाने पाणपिसवांवरून सांगितले की प्राण्याला वारशाने मिळते ते एखादे रूप नव्हे, तर निरनिराळ्या परिस्थितींत निरनिराळी रूपे घेण्याची रीत. पहिला शब्द जगभर गेला. दुसरी कल्पना बरीच वर्षे तज्ज्ञांच्या कपाटात राहिली. या कल्पनेचा सुंदर पुरावा २००६ मध्ये अमेरिकेत मिळाला. तंबाखूवरच्या एका अळीचा काळा वाण घेऊन सुझुकी आणि नायहाउट यांनी तिला उष्णतेचा चटका दिला. काही अळ्या किंचित हिरवटल्या. त्यांचीच निवड करीत गेल्यावर तेराव्या पिढीपर्यंत थंडीत काळी आणि उष्णतेत हिरवी होणारी जमात तयार झाली. चटक्याला दाद द्यायची की नाही, हेच निवडीने घडत गेले.

हे सारे आम्ही का वाचीत बसलो, असे विचारणे रास्त आहे. विज्ञान आमचा प्रांत नव्हे. पण आमच्या व्यवसायात एक वाक्य फार ऐकू येते: ‘हे रक्तातच असावे लागते.’ निकाल लागला की, वक्तृत्वस्पर्धेला विद्यार्थी निवडायचा असला की, कुणाच्या उच्चारांची थट्टा करायची असली की हे वाक्य येते. बोलणारे बहुधा वाईट माणसे नसतात. ते फक्त ‘वाण’ हा शब्द मनुस्मृतीच्या अर्थाने वापरीत असतात आणि वर आता त्याला ‘जीन्स’चा आधार आहे असे समजतात. ‘ण’ ऐवजी ‘न’ म्हणणारी मुलगी वर्गात उभी राहिली की आम्हांला हे सारे आठवते.

अर्थात माश्यांवरून माणसांकडे उडी मारणे धोक्याचे. माणसाच्या बुद्धीची राणी-कामकरी अशी दोन साचेबंद रूपे नसतात, आणि तसे सुचवणारा प्रत्येक जण कुठल्यातरी पोळ्याचा मालक होऊ पाहत असतो. पण शरीराबद्दल बोलता येते, आणि तेही आपल्याच भूमीवरच्या पुराव्याने. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा, त्या गरोदर राहण्यापूर्वीपासून, अभ्यास सुरू केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा मुद्दा वजनाचा नव्हता. आपल्या बाळांचे स्नायू, पोटातील अवयव कमी भरलेले होते. चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. दिसायला कृश, आतून स्थूल. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. आईच्या आहारात ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तर त्याची खूण सहा वर्षांच्या मुलाच्या इन्सुलिनमध्ये दिसते, असे पुढे २००८ मध्ये त्यांनी दाखवले. आपल्याकडे मधुमेह ‘घराण्यात’ असतो असे म्हणतात. घराण्यात जनुके असतात तशीच उपाशी राहिलेली बायकामाणसेही असतात.

मनूने ज्याला ‘क्षेत्र’ म्हणून दुय्यम ठरवले ते हे. आणि त्याचा विस्तार एका पिढीपुरता नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजांडकोशातील अंडी तयार होतात. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकाचा अर्धा अंश काही काळ आजीच्या पोटात राहून आलेला आहे. आमच्यापैकी एकीची आई १९७२ च्या दुष्काळात दहा वर्षांची होती. खडी फोडायला जाणाऱ्या आईबरोबर जायची, सुकडी खायची, मिलोच्या लाल भाकरीचे नाव काढले की आजही तोंड वाकडे करते. चाळिशीत तिला साखरेचे दुखणे जडले. डॉक्टरांनी ‘आनुवंशिक आहे का?’ असे विचारले, तेव्हा ती ‘नाही, आमच्याकडे कुणालाच नव्हते’ म्हणाली. त्या अर्जावर दुष्काळासाठी रकाना नव्हता.

आमच्या वर्गात दर वर्षी दसऱ्यानंतर काही मुली दिसेनाशा होतात. टोळीबरोबर गेलेल्या असतात. आईच्या कोयत्यामागे मोळ्या बांधतात, कोपीत धाकट्यांना सांभाळतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात त्या हातांना पाचटाचे ओरखडे घेऊन. त्यांतल्या काहींची लग्ने लवकर लागतात, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या पोटात पुढची पिढी वाढू लागते, फडातल्या बाजरीच्या भाकरीवर आणि मिरचीच्या ठेच्यावर. मधमाशीच्या अळीला तीन दिवस मिळतात, टोळाला चार तास, कोषाला एक रात्र. या मुलींच्या बाळांना नऊ महिने मिळतात, आणि ते नेमके गाळप हंगामात येतात.

गेल्या फेब्रुवारीत त्यांतल्या एकीने फडातून दूरध्वनी केला. परीक्षेचा अर्ज भरायची मुदत केव्हा संपते, हे तिला विचारायचे होते. आम्ही तारीख सांगितली. मग तिने, आवाज जरा खाली आणून, आणखी एक विचारले: महाविद्यालयाच्या दवाखान्यात रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात का, आणि त्या तिच्याऐवजी तिच्या भावजयीला देता येतील का. तिला पाचवा महिना लागला होता.